निरवानिरव

आमच्या देवघरात बाळकृष्णाच्या मागे, शंखाशेजारी, तांब्याचा एक गडू असायचा. मुठीत मावेल एवढा. तोंड झाळून बंद केलेलं. हलवला की आत पाणी डुचमळायचं. आजीने तो काशीहून आणला होता. दर दिवाळीला देवाच्या भांड्यांबरोबर तोही चिंच लावून घासला जायचा. आम्ही मुलं विचारायचो, ‘‘आजी, यात काय आहे?’’ ती म्हणायची, ‘‘माझी गंगा. मी जाईन तेव्हा तोंडात घालायची आहे, आपटू नका.’’ दुधावर झाकण ठेवा, हे ती ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात हेही.

ती गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आठ दिवस ती अंथरुणाला लागली होती, खाणं सुटलं होतं. गावातले डॉक्टर रोज संध्याकाळी येऊन नाडी बघत. पाचव्या दिवशी त्यांनी काकांना ओसरीवर नेऊन सांगितलं, की आता सलाईन लावून तिला त्रासच द्याल. शेवटच्या दुपारी श्वास वर लागला. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, ‘‘ऊर्ध्व लागलाय, खाली घ्या त्यांना.’’ तिला घोंगडीवर घेतलं. काकांनी स्क्रू-ड्रायव्हरने गडूची झाळ उचकटली. तुळशीच्या पानावरून दोन थेंब तिच्या ओठांत सोडले. ओठ मिटले, पुन्हा उघडले. आम्हा मुलांना कोणी खोलीबाहेर घालवलं नाही.

तीस वर्षांनी, २०१६ मध्ये, माझे मामा पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात एकोणीस दिवस होते. वय ७८. फुप्फुसांचा फायब्रोसिस, म्हणजे फुप्फुसं हळूहळू राठ होत जाण्याचा आजार, त्यांना चार वर्षांपासून होता. तो बरा होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, मामांनाही. न्यूमोनिया झाला, दाखल केलं, रात्री दोन वाजता श्वास पुरेना म्हणून नळी घालायची वेळ आली. मामेभावापुढे कागद आला. त्याने विचारलं, ‘‘घातली नाही तर?’’ समोरचे तरुण डॉक्टर म्हणाले, ‘‘तर मग ते राहणार नाहीत.’’ अशा प्रश्नाला कोणता मुलगा ‘नको’ म्हणेल? त्याने सही केली.

आम्हाला दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं आत सोडत. टोपी, पायांत प्लॅस्टिकच्या पिशव्या. मामा चित्रकलेचे शिक्षक होते. ब्रश धरावा तसा चहाचा कप धरणारे. त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते. नळी ओढून काढू नये म्हणून. नर्सने पट्टी घट्ट बसू नये यासाठी खाली कापूसही ठेवला होता, तिची काही चूक नव्हती. तरी एकोणीस दिवसांतलं माझ्या डोळ्यांसमोरून न हलणारं चित्र तेच आहे. माझ्या आईने, म्हणजे त्यांच्या बहिणीने, एकदा ती पट्टी सोडायचा प्रयत्न केला होता.

मामांनंतर कपाटात एक फाइल सापडली. वर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं: ‘माझ्यानंतर’. चौदा पानं. मुदतठेवी, नॉमिनी, लॉकरची किल्ली, गॅसचं कार्ड, कोणाला किती पैसे परत द्यायचे, घराचा सातबारा कुठे आहे. गच्चीवरच्या कुंड्या कोणाला द्याव्यात तेही. त्या चौदा पानांत, शेवटचे दिवस कसे जावेत, काय करावं, काय करू नये, याबद्दल एक ओळ नव्हती.

मराठीत ‘निरवणे’ असं एक जुनं क्रियापद आहे. निरवणे म्हणजे सोपवणे, कोणाच्या तरी भरवशावर टाकणे. परगावी निघालेला माणूस घर शेजाऱ्याला निरवून जाई. मरणाऱ्या बापाने लेकरं भावाला निरवली, असं म्हणत. त्यावरून निरवानिरव. निघण्याआधीची आवराआवर, पण नुसती आवराआवर नव्हे. ज्याच्या त्याच्या हाती ज्याचं त्याचं देऊन मोकळं होणं. मामांची निरवानिरव किती चोख होती! फक्त स्वतःचं शरीर त्यांनी कोणाला निरवलं नव्हतं. आजीला त्याची गरज पडली नाही. तिच्या काळात आजार आणि मरण यांच्यामध्ये फारसं काही उभं नव्हतं. डॉक्टरांच्या बॅगेतली औषधं संपली की उरायची ती गंगा. आज मध्ये एक अख्खा मजला उभा आहे, यंत्रांचा. त्या मजल्यावर कुठवर चढायचं हे कोणीतरी ठरवावंच लागतं, आणि ज्याच्याबद्दल ठरवायचं तो त्या वेळी बोलू शकत नसतो.

हा मजला उभा राहिला कसा, ते बघण्यासारखं आहे. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांची तिथल्या ब्लेगडाम रुग्णालयात रीघ लागली आणि त्यांच्यातली बहुतेक मरत होती. श्वास देणारी लोखंडी पेटीसारखी यंत्रं मोजकीच होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने ऑगस्टच्या अखेरीस एका बारा वर्षांच्या मुलीवर वेगळा प्रयोग केला. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरली. मुलगी जगली. पण हे यंत्राने करायची सोय नव्हती, म्हणून वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावलं. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने मुलांच्या उशाशी बसले आणि आठवडेच्या आठवडे हातांनी पिशव्या दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचा व्हेंटिलेटर आणि अतिदक्षता विभाग या दोन्हींची पाळंमुळं त्या खोल्यांत आहेत.

छाती दाबून बंद पडलेलं हृदय चालू करण्याची पद्धतही तशीच, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून १९६० मध्ये जगापुढे आली. ती शोधणाऱ्या तिघांपैकी एक, विल्यम कौवेनहोवन, चक्क विद्युत अभियंता होते. विजेच्या धक्क्याने किंवा भुलेच्या चुकीने अचानक थांबलेलं, एरवी धडधाकट असलेलं हृदय पुन्हा सुरू करणं हा तिचा हेतू.

दोन्ही शोधांमागे एकच कल्पना होती. माणूस तात्पुरता कोसळला आहे, त्याला पलीकडच्या काठाला पोचेपर्यंत आधार द्यायचा. व्हेंटिलेटर हा पूल आहे. पोलिओचा तडाखा ओसरला की स्नायूंत जोर येणार, न्यूमोनिया उतरला की फुप्फुसं मोकळी होणार, तोवरचा पूल. ज्याला पलीकडचा काठच नाही, त्या माणसाला पुलाच्या मधोमध उभं करून ठेवण्यासाठी तो बांधलेला नव्हता. ठिसूळ बरगड्यांच्या नव्वदीतल्या आजोबांची छाती दाबताना बरगड्या मोडतात, हे ती दाबणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला हाताखाली जाणवतं. यंत्रात दोष नाही. तरुण माणसाला अपघातानंतर जगवणारं यंत्र तेच असतं. दोष असलाच तर हा, की ते लावण्यापूर्वी ‘कशासाठी?’ हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न मोठ्याने विचारला गेला तो मुंबईत, आणि त्यामागे एक असह्य कहाणी आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या २५ वर्षांच्या होत्या, लग्न ठरलेलं होतं. त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं त्या केईएमच्याच वॉर्डात राहिल्या. अगदी शेवटचे दिवस सोडले, तर त्यांना व्हेंटिलेटर नव्हता. परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवलं, न्हाऊमाखू घातलं, आणि इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ दिली नाही. शुश्रूषेच्या इतिहासात याला तोड सापडणं कठीण.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की त्यांचं हे जिणं थांबू द्यावं. केईएमचे लोक म्हणाले, आम्ही त्यांची माणसं आहोत, आम्हाला त्या हव्या आहेत. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने विराणींची मागणी फेटाळली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या माणसांचा मानला. पण त्याच निकालात पहिल्यांदा मान्य केलं, की बरं होण्याची आशा नसलेल्या रुग्णाचा कृत्रिम आधार काढणं, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, कायद्यात बसू शकतं. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा गेल्या. त्यांच्या अंत्यसंस्काराला परिचारिका लेकीसुनांसारख्या उभ्या होत्या.

मी हा निकाल अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी एकाच गोष्टीपाशी अडतो. दोन्ही बाजूंचं प्रेम खरं होतं. दोन-तीन माणसं नव्हे, अख्खं रुग्णालय त्या स्त्रीसाठी बोलत होतं. फक्त तिला काय हवं होतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण पंचविसाव्या वर्षी कोणी कोणाला हे सांगून ठेवत नाही.

‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ मध्येच याचिका केली होती. तिच्यावर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निकाल दिला. सन्मानाने मरणं हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं त्यात ठरलं. आणि सज्ञान, शुद्धीवर असलेल्या कोणालाही ‘लिव्हिंग विल’ करण्याचा, म्हणजे पुढे बोलता येणार नाही त्या वेळच्या उपचारांबद्दल आजच लिहून ठेवण्याचा, हक्क मिळाला.

वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी मथळे दिले: ‘इच्छामरणाला परवानगी’. या एका शब्दाने फार घोटाळा केला आहे. इच्छामरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शरपंजरी भीष्म उभे राहतात, हव्या त्या मुहूर्ताला प्राण सोडणारे. लिव्हिंग विलमध्ये मुहूर्त निवडता येत नाही. इंजेक्शन देऊन कोणाचं आयुष्य संपवणं भारतात तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. इथे फक्त एवढंच, की आजार ज्याला घेऊन चालला आहे त्याच्या वाटेत यंत्रं आडवी घालायची की नाहीत, हे ज्याचं त्याने सांगायचं. मरण आजारानेच येतं. आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला नको असलेला उपचार नाकारता येतो, त्याला कुठल्याच कागदाची गरज नसते. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला, हृदयविकाराच्या झटक्यानंतर, विनोबांनी अन्न, पाणी आणि औषध घेणं थांबवलं आणि १५ तारखेला, ऐन दिवाळीत, देह ठेवला. त्यांच्या निर्णयावर तेव्हा वाद झाला, आजही होऊ शकतो. पण ते स्वतः ‘नको’ म्हणू शकत होते. कागद लागतो तो शब्द संपल्यावर.

२०१८ च्या निकालाने हक्क दिला, पण वाट काट्याकुट्यांची ठेवली. कागदावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. घरातल्या म्हातारीला घेऊन कोर्टाची पायरी कोण चढणार? पुढे यंत्र काढण्याची वेळ आली, की दंडाधिकाऱ्यांनी स्वतः रुग्णालयात यायचं. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेनेच न्यायालयाकडे दाद मागितली, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी नियम सैल झाले.

आता रीत अशी आहे. कागद स्वतः लिहायचा, दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकित करून घ्यायचा. वेळ आली तर तुमच्या वतीने कोण बोलेल, त्या एका किंवा अनेक जवळच्या माणसांची नावं त्यात हवीत. एक प्रत त्या माणसांना, एक घरच्या डॉक्टरांना, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अभिरक्षकाला. हा अभिरक्षक बरीच वर्षं कागदावरच होता. मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं, ते द्यायचं कोणाकडे असा प्रश्न पडला तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि मग राज्यात ठिकठिकाणी असे अधिकारी नेमले गेले. एका माणसाने स्वतःच्या कागदासाठी धरलेला हट्ट सगळ्यांच्या कामी आला.

कागद आहे म्हणून यंत्र लगेच बंद होत नाही, आणि होऊही नये. बरं होण्याची आशा नाही असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वाटलं, तर रुग्णालय एक मंडळ नेमतं: ते डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले आणखी दोन तज्ज्ञ. त्यांच्यानंतर दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर. शक्यतो ४८ तासांत प्रत्येकाने मत द्यायचं. दोन्हींचं एकमत झालं, तुम्ही नेमलेल्या माणसांनी होकार दिला, की न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून मग आधार काढायचा. मतभेद झाले तर उच्च न्यायालय आहे. कागद केलाच नसेल तरी हीच वाट जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने चालता येते. आणि केलेला कागद कधीही लेखी रद्द करता येतो, बदलता येतो.

हे होण्याआधी काय होतं? ‘डामा’ होतं. डॉक्टरांचा सल्ला न मानता स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेतो, असं लिहून देण्याला रुग्णालयांत डामा म्हणतात. काही ठिकाणी लामा. पैसे संपले, आशा संपली, की कोणीतरी नातेवाइकाच्या कानात सांगायचं, ‘‘डामा घ्या.’’ कायद्याच्या भीतीने कोणीच यंत्र काढू शकत नव्हतं, म्हणून माणसालाच काढायचं. रुग्णवाहिकेत पिशवी दाबत घरी न्यायचं, उंबरठ्याच्या आत आलं की पिशवी थांबायची. वेदनेवर औषध नाही, धाप लागली तर ती उतरवणारं कोणी नाही, शेजारी परिचारिका नाही. किती घरांनी हे सोसलं आणि वर ‘आम्ही त्यांना मारलं’ हा सल आयुष्यभर बाळगला! लिव्हिंग विलबद्दल मला पोटतिडकीने लिहावंसं वाटतं ते या घरांसाठी. मरणारा सुटतो. तो सल घेऊन मागे उरतं ते रात्री दोन वाजता सही करणारं माणूस.

मग लिहायचं काय? इथे लोक घाई करतात. ‘मला व्हेंटिलेटर नको’ एवढं एक वाक्य लिहून मोकळे होतात. ते वाक्य धोक्याचं आहे. साठीच्या धडधाकट माणसाला न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांच्या व्हेंटिलेटरने तो पुढची वीस वर्षं जगणार असेल, तर ते चार दिवस त्याला हवेच असतात. तोच व्हेंटिलेटर शेवटच्या टप्प्यातल्या कर्करोगात वेगळी गोष्ट होते. म्हणून यंत्रांची यादी लिहिण्यापेक्षा आपल्याला कशाला जगणं म्हणायचं ते लिहावं. मी माणसं ओळखणार नसेन आणि पुन्हा ओळखण्याची आशा नसेल तर. मला पुन्हा गिळता येणार नसेल तर. कोणाला कुशीवर वळता येणं पुरेसं वाटेल, कोणाला नाही. हे ज्याचं त्याचं. आणि ‘करून बघा’ हाही एक मार्ग आहे, तो लोकांना माहीत नसतो. डॉक्टरांशी ठरवून व्हेंटिलेटर तीन दिवस किंवा पाच दिवस लावायचा, काय सुधारणा दिसली तर पुढे जायचं हे आधीच बोलून घ्यायचं, आणि नाही दिसली तर थांबायचं. मामांच्या वेळी कोणी हे सुचवलं असतं तर? त्यांच्या मुलाला निदान दोनच टोकांपैकी एक निवडावं लागलं नसतं.

आणखी एक वाक्य प्रत्येक कागदात हवं: ‘वेदना आणि धाप यांवरचा उपचार शेवटपर्यंत चालू ठेवावा.’ यंत्र नको म्हणजे उपचार नकोत असं नाही. ‘आता काही करण्यासारखं नाही’ हे वाक्य ऐकून घरचे खचतात, पण ते खरंही नसतं. करण्यासारखं पुष्कळ असतं. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन कर्करोगाच्या वेदनेवर आणि शेवटच्या धापेवर उत्तम काम करतं. आपल्या देशात अफूचं कायदेशीर पीक निघतं, तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या जाचक परवान्यांमुळे आपल्याच रुग्णांना मॉर्फिन मिळणं दुरापास्त झालं होतं. २०१४ मध्ये तो कायदा दुरुस्त झाला. आजही लहान गावांत ते मिळवण्यासाठी वणवण होते, हे मात्र सांगितलं पाहिजे.

या कामाला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसोझा यांनी ‘शांती आवेदना सदन’ सुरू केलं, ते भारतातलं पहिलं हॉस्पिस; गोव्यात लोटलीलाही त्यांचं केंद्र आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. अशा ठिकाणी गेलात तर आधी नजरेत भरते ती यंत्रांची टिकटिक नसणं. नातेवाईक पलंगापाशी बसलेले असतात, घड्याळ लावून दहा मिनिटं नव्हे, हवं तितका वेळ.

अशा ठिकाणच्या परिचारिका एक गोष्ट समजावून सांगतात, ती ऐकून मी चकित झालो होतो. मरणाच्या उंबरठ्यावर भूक आणि तहान मंदावते. माणूस खात नाही म्हणून मरत नाही. मरत असतो म्हणून खात नाही. शरीर एकेक काम थांबवत असतं. त्या वेळी सलाईन रेटून भरलं तर ते पाणी अंगभर सूज आणतं, फुप्फुसांत साठतं, घशातली घरघर वाढते. कोरड पडते ती ओठांना आणि जिभेला. त्यावर उपाय साधा: ओल्या कापसाने किंवा थेंबाथेंबाने तोंड ओलं ठेवायचं. तुळशीच्या पानावरून दोन थेंब! काकांना हे शास्त्र माहीत नव्हतं, आमच्या गावच्या डॉक्टरांना माहीत असावं. पण आजीच्या ओठांना त्या दुपारी नेमकं जे हवं होतं तेच मिळालं.

कानात नाव घेण्याचंही असंच आहे. २०२० मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी हॉस्पिसमधल्या, शेवटच्या काही तासांतल्या रुग्णांच्या मेंदूलहरी टिपल्या. शुद्ध हरपलेली होती, तरी काहींचे मेंदू आवाजांना प्रतिसाद देत होते. ते काय समजत असतील हे त्यावरून सांगता येत नाही. पण बोलावं, एवढं नक्की सांगता येतं. अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून रामरक्षा म्हणणारी माझी आई आत बसून ती म्हणू शकली असती, तर कोणाचं काय बिघडलं असतं?

आईशी हा विषय काढायला मला त्यानंतर सात वर्षं लागली. ती मेथी निवडत होती. मी समोर बसून देठं खुडत म्हटलं, ‘‘आई, मामांसारखं झालं तर तुला काय हवंय?’’ तिने मान वर केली नाही. ‘‘आज काय हे मध्येच?’’ मग बराच वेळ नुसती मेथी. जुडी संपल्यावर म्हणाली, ‘‘दादाला त्यांनी बांधून ठेवलं होतं. मला बांधू देऊ नका.’’

बहिणीला फोन केला तर ती आधी रडली, मग भडकली. ‘‘तू आईच्या मरणाचे कागद करतोयस?’’ दोन महिने ती माझ्याशी तुटक बोलत होती. तिचं चुकत होतं असं मला वाटत नाही. आपल्याकडे ‘अशुभ बोलू नये’ हा संस्कार प्रेमातूनच येतो. मी तिला समजावायचं सोडून दिलं आणि आईलाच म्हटलं, तू बोल. त्या दोघी माहेरपणाच्या रात्री उशिरापर्यंत गच्चीवर बसल्या होत्या. सकाळी बहीण म्हणाली, ‘‘त्या कागदावर माझं नावही हवं. तुझ्या एकट्यावर नाही सोडणार.’’ म्हणून नेमलेल्या माणसांत आमची दोघांची नावं आहेत, आणि एकमत झालं नाही तर काय, तेही लिहिलं आहे. ते लिहिताना झालेलं भांडण कागदापेक्षा मोलाचं होतं. आईला नातवंडं ओळखू येईनाशी झाली तर ती कुठवर जगली असं ती मानेल, हे मला त्या भांडणात पहिल्यांदा कळलं.

नोटरीचं टेबल कोर्टाच्या आवारात, वडाखाली. टाइप केलेला मसुदा आईने चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत पूर्ण वाचला. शेवटच्या पानावर थांबली. ‘‘यात हात बांधायचं कुठे आहे?’’ टायपिस्ट म्हणाला, ‘‘आजी, तसं कलम नमुन्यात नसतं.’’ आईने कागद त्याच्याकडे सरकवला.

‘‘मग घाला,’’ ती म्हणाली. ‘‘मी थांबते.’’